चिलटांवर टोल प्रथिन दाखवायचं कसं: तालुक्याच्या कॉलेजसाठी पूर्ण कृती

बी.एस्सी.च्या वर्गात ‘टोल’ म्हटलं की पोरांना आधी नाका आठवतो. हरकत नाही, नाव तरी लक्षात राहतं. हा टोल मात्र जर्मन आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ ‘भन्नाट’. ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड या शास्त्रज्ञ बाईंनी चिलटाचा (ड्रोसोफिला मेलानोगास्टर) एक विचित्र गर्भ पाहिला, तोंडून हाच शब्द निघाला आणि तोच जनुकाला चिकटला, असं सांगतात.

हे प्रथिन पेशीच्या पडद्यात बसतं, बाहेरचा निरोप आत पोचवतं आणि एकाच प्राण्यात दोन अगदी वेगळी कामं करतं. अंड्यात असताना पोट कुठल्या बाजूला हे ठरवायला ते लागतं. मोठेपणी बुरशीची लागण झाली की प्रतिकाराची घंटाही तेच वाजवतं. दोन्ही कामं रवा, गूळ, कच्चा कापूस, साधा मायक्रोस्कोप आणि कृषी केंद्रातली एक बुरशी एवढ्यावर दाखवता येतात. विकत न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माश्यांचा म्युटंट स्टॉक, म्हणजे ठरावीक जनुक बिघडलेला वाण. तो मागवावा लागतो.

आधी फळ्यावर काय काढायचं

टोलचा बाहेरचा भाग लांब आहे. त्यात ल्युसीन या अमिनो आम्लानं भरलेले तुकडे एकामागे एक येतात. मधला छोटा भाग पडद्यातून आरपार जातो आणि आतली शेपटी पुढच्या प्रथिनांना धरते. ही रचना १९८८ मध्ये जनुक वाचल्यावर कळली.

बहुतेक नोट्समध्ये इथंच चूक असते. टोल बुरशीला ओळखतो असं लिहिलेलं असतं. चिलटात तसं होत नाही. टोल ओळखतो ते स्पेट्झल नावाचं माशीचं स्वतःचं प्रथिन, आणि तेही कापलं गेल्यावरच. न कापलेलं स्पेट्झल शेजारून वाहत गेलं तरी टोल ढिम्म. म्हणून खरा प्रश्न असा: स्पेट्झल कोण कापतं, आणि कुठं?

अंड्यात ते काम ईस्टर नावाची कातर, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, करते. तिच्याआधी न्यूडेल, गॅस्ट्रुलेशन डिफेक्टिव्ह आणि स्नेक यांची साखळी चालते. टोल अंड्याच्या पडद्यावर सगळीकडं सारखा पसरलेला असतो, कातर मात्र पोटाच्याच बाजूला चालते. तिथं टोल जागा होतो, आत कॅक्टस नावाच्या प्रथिनानं धरून ठेवलेलं डॉर्सल हे दुसरं प्रथिन सुटतं आणि केंद्रकात शिरतं. हे सगळं २५ अंशांना अंडं घातल्यापासून पहिल्या तीनेक तासांत उरकतं. जिथं डॉर्सल भरपूर, तिथं पोटाकडचे स्नायू. मध्यम असेल तिथं बाजूचा चेतासंस्थेचा पट्टा. जिथं नाहीच, तिथं पाठ. डॉर्सल म्हणजे पाठीकडचं आणि हे प्रथिन बनवतं पोट, त्यामुळं पोरं हमखास गोंधळतात. जनुकाला नाव बिघाडावरून मिळतं. डॉर्सल गेलं की नुसती पाठच पाठ उरते, म्हणून ते डॉर्सल. हे एकदा सांगून टाका, पुढचा अर्धा तास वाचतो.

मोठ्या माशीत कातर वेगळी. बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखणारं एक प्रथिन रक्तद्रवात फिरत असतं. पर्सेफनी नावाची दुसरी एक कातर तर बुरशीच्याच पाचक रसानं कापली जाऊन जागी होते. दोन्हीकडून निरोप शेवटी स्पेट्झल कापणाऱ्या एन्झाइमपर्यंत जातो. टोल जागा झाला की चरबीपेशींत मुख्यतः डिफ हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि ड्रोसोमायसिन नावाचं बुरशीनाशक तयार होऊ लागतं. दाराची कडी एकच, पण वाजवणारे वेगळे आणि आतून उठून येणारेही वेगळे.

टोलची पेशीच्या आतली शेपटी माणसाच्या इंटरल्युकिन-१ रिसेप्टरसारखी दिसते, हे १९९१ मध्ये लक्षात आलं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोलचा मार्ग तुटलेल्या माश्या अ‍ॅस्परजिलस बुरशीनं भराभर मरतात. १९९७ मध्ये माणसातलं टोलसारखं प्रथिन सापडलं. १९९८ मध्ये टीएलआर-४ (टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर, टोलसारखं प्रथिन) बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या लिपोपॉलिसॅकराइडला प्रतिसाद देतं हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं उंदरात सिद्ध केलं. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्यासोबत. न्युसलाइन-फोलहार्ड यांना त्याआधीच, १९९५ मध्ये मिळालं होतं.

माणसात अशी दहा टीएलआर आहेत. त्यांतली बरीचशी जंतूचे तुकडे स्वतः धरतात, मधे स्पेट्झलसारखा निरोप्या नसतो. आणि माणसाच्या गर्भाची पाठ-पोट टोल ठरवत नाही. परीक्षेच्या उत्तरांत हे वाक्य सापडलं तर लाल शाईनं खोडा.

माश्या: पकडलेल्या आणि मागवलेल्या

शेतकरी फळमाशी म्हणतो ती ही नव्हे. संत्र्यात डंख मारून फळ गाळणारी बॅक्ट्रोसेरा जवळपास घरमाशीएवढी असते. आपल्याला हवीत ती केळीच्या सालीवर घोंघावणारी दोन-तीन मिलिमीटरची चिलटं.

वाइल्ड टाइप, म्हणजे बिघाड नसलेल्या साध्या माश्या पकडायला काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी पट्ट्यात आंबिया बहाराची तोड चालू असताना कुठलाही संत्र्याचा ढीग चालतो. रुंद तोंडाच्या बाटलीत जास्त पिकलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट टाका. तोंडावर कागदाचं नरसाळं बसवा, निमुळतं तोंड आत, भोक साधारण पाच मिलिमीटरचं. बाटली सावलीत ठेवा, एका दिवसात माश्या येतात.

आलेल्या सगळ्या मेलानोगास्टर नसतात. आपल्याकडच्या घरगुती चिलटांत अननासी ही जात भरपूर असते, आणि पाठीवर चांदीसारखे लांब पट्टे असलेली झाप्रिओनस इंडियानस तर ढिगानं येते. पट्टेवाली डोळ्यांनीच वेगळी काढता येते. उरलेल्यांत नर बघायचा. मेलानोगास्टर नराच्या पोटाचं टोक काळं कुळकुळीत असतं आणि पुढच्या पायावर काळ्या केसांची एकच फणी असते. अननासी नराचं टोक फिकट, आणि फणीच्या जागी आडव्या छोट्या ओळी दिसतात. माद्या ओळखणं अवघड आहे. म्हणून एकेक मादी वेगळ्या व्हायलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) ठेवा आणि तिचे मुलगे बघून त्या व्हायलची जात ठरवा.

पकडलेल्या माश्या वाढवण्याच्या सरावाला उत्तम. मोजणीच्या प्रयोगाला मात्र ओरेगॉन-आर किंवा कँटन-एस हा ठरलेला स्टॉक वापरा. तो आणि म्युटंट, दोन्ही एकदमच मागवा. म्हैसूर विद्यापीठाचं ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आणि बंगळुरूच्या एनसीबीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) आवारातली फ्लाय फॅसिलिटी या विचारपूस करायच्या जागा. पत्र विभागप्रमुखाच्या सहीनं, कॉलेजच्या लेटरहेडवर पाठवा.

म्युटंट कोणता? आमचं मत स्पष्ट आहे: टोलचा स्वतःचा मागवू नका, स्पेट्झलचा आरएम-७ मागवा. टोलचे काही म्युटंट तापमानावर अवलंबून असतात आणि आपल्याकडं तापमान हातात नसतं. आरएम-७ च्या दोन्ही प्रती असलेली माशी जगते, आणि त्या एकाच माशीवर दोन्ही प्रयोग होतात. टोल जागा करणारं प्रथिनच नाही म्हटल्यावर मार्ग बंद. ड्रोसोमायसिन बनलं की हिरव्या चमकणाऱ्या माश्याही असतात, पण त्यांत बाहेरचं जनुक घातलेलं असतं. त्यांना संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, शिवाय फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपही. तो नाद सोडा.

स्टॉक बहुधा टीएम-६बी या बॅलन्सर गुणसूत्रावर येईल, म्हणजे बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवणाऱ्या जोडीदार गुणसूत्रासोबत. त्यावर ट्यूबी ही खूण असते. काचेला चिकटलेले कोश बाहेरूनच पाहा. काही आखूड, ढोले, मुरमुऱ्यासारखे फुगीर दिसतील, त्यांत बॅलन्सर आहे. काही लांब, सडपातळ, बासमतीच्या दाण्यासारखे असतील, ते दोन्ही प्रती बिघडलेले. आपल्याला लांब हवेत. हिशेबानं तीनात एक लांब निघायला हवा, प्रत्यक्षात थोडे कमीच निघतात. एकही लांब कोश दिसत नसेल तर जुन्या स्टॉकमध्ये दुसरा एखादा घातक बदल साठलाय असं समजा आणि नवा मागवा. खूण वेगळी असेल, उदाहरणार्थ पाठीचे केस आखूड करणारी स्टबल, तर निवड कोशावर न करता माशी निघाल्यावर करावी लागते.

खाद्य: रवा आणि गूळ

मक्याच्या पिठाची पाककृती सगळीकडं सापडते. आपल्याकडं म्हैसूरची रव्याची कृती सोपी पडते. एक लिटर पाण्याला:

रवा १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, अगर १० ग्रॅम, प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिलिलिटर.

निम्म्या पाण्यात अगर टाकून तो पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. उरलेल्या पाण्यात गूळ विरघळवून गाळून घ्या, कारण गुळात काडी-कचरा असतोच. दोन्ही एकत्र करून रवा भुरभुरत घाला, सतत ढवळा. गुठळी झाली तर तिच्या आत आम्ल पोचत नाही आणि बुरशी नेमकी तिथून उठते. शिऱ्यासारखं घट्ट करायचं नाही. पळीवरून जाड धारेनं पडलं पाहिजे. उतरवून ६० अंशांच्या खाली आलं की मगच आम्ल. भांड्याला हात जेमतेम टेकवता येतो तो क्षण. उकळत्यात घातलं तर निम्मं उडून जातं, आणि डोळ्यांना, घशाला झोंबतं ते वेगळं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

व्हायलमध्ये ६–७ मिलिलिटर, पाव लिटरच्या बाटलीत ४० मिलिलिटर. वर स्वच्छ मलमल टाकून रात्रभर ठेवा म्हणजे काचेवरचं पाणी सुकतं. घाईनं बोळा लावला तर आत घाम धरतो आणि माश्या काचेला चिकटून मरतात. दुसऱ्या दिवशी वर कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे. जास्त टाकले की पृष्ठभाग चिकट होतो.

बोळ्याला मेडिकलमधला कापूस घेऊ नका, तो पाणी शोषतो आणि ओला होऊन आत गळतो. जिनिंगमधला सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या. त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळं तो कोरडा राहतो. बाजारात ‘नॉन-अ‍ॅब्सॉर्बंट’ म्हणून महाग मिळतो तो हाच. आपल्या दारात तो पोत्यानं पडलेला असतो.

अळ्या तिसऱ्या दिवशीच मरत असतील तर रव्यावर संशय घ्या. साठवणुकीत कीटकनाशक लागलेल्या धान्याचा रवा माश्यांना मारतो, आणि केळं-द्राक्षावरच्या फवारणीचंही तेच. नवा रवा आला की आधी दोन व्हायलपुरतं खाद्य करून पाहा. माश्यांच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लागली तर रातोरात सगळा स्टॉक जातो, चौकीदाराला हे नीट समजावून ठेवा. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पाण्यावर धूळ साचली की तिचाच पूल होतो, म्हणून पाणी रोज बदला.

ऊन, थंडी आणि लोडशेडिंग

२५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत साधारण १० दिवस, १८ अंशांना जवळपास दुप्पट. ३० च्या वर नर वांझ होतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीत पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा उघड्या टेबलावर काही होत नाही. मोजणीचे प्रयोग नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी या काळातच लावा. उन्हाळ्यात स्टॉक जगवायला माठ वापरा: मोठ्या माठात लहान माठ, मधे ओली रेती, वर ओलं पोतं. कोरड्या हवेत याचा चांगला उपयोग होतो, जुलैच्या दमटात मात्र अजिबात नाही. डिसेंबरच्या रात्री उलट अडचण. थर्माकोलच्या खोक्यात पाण्यानं भरलेल्या दोन-तीन दोन लिटरच्या बाटल्या आणि १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवा. वीज गेली तरी पाण्याची ऊब तीन-चार तास साथ देते. इन्क्युबेटर असला तरी पाण्याच्या बाटल्या आत ठेवाच. खोक्यात कमाल-किमान थर्मामीटर आणि वहीत रोजचे दोन आकडे हवेत.

पहिला प्रयोग: पोट नसलेला गर्भ

लांब कोश ओल्या ब्रशनं सोडवून वेगळ्या व्हायलमध्ये ठेवा. त्यातून निघालेल्या माद्या आणि नर आठ तासांच्या आत वेगळे करा, तोवर मिलन होत नाही. वाइल्ड टाइपचंही असंच करा. मग दोन जोड्या लावा:

पहिली जोडी: म्युटंट मादी, वाइल्ड टाइप नर.
दुसरी जोडी: वाइल्ड टाइप मादी, म्युटंट नर.

दोन्हींच्या पिल्लांचा जनुकीय नमुना अगदी सारखा, एक प्रत चांगली, एक बिघडलेली. तरी पहिलीतली अंडी जवळजवळ सगळी मरतात आणि दुसरीतली फुटतात. कारण अंड्यातला टोल, स्पेट्झल हा सगळा शिधा आई भरून देते. बापाची चांगली प्रत कामाला लागेपर्यंत पोट-पाठीचा निकाल लागलेला असतो. आणि ती म्युटंट मादी स्वतः धडधाकट कशी? तिच्या आईकडं एक चांगली प्रत होती. हे दोन प्रश्न पोरांना आकडे हातात आल्यावरच विचारा, आधी नको.

अंडी गोळा करायला फळाच्या रसाची प्लेट लागते. ७५ मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम अगर उकळून घ्या आणि उतरवल्यावर २५ मिलिलिटर कोमट काळ्या द्राक्षाचा रस मिसळा. रसासकट उकळू नका, आंबटपणामुळं अगर तुटतो आणि प्लेट धरत नाही. चिलटांना संत्र्याच्या वासाचं अंडी घालायला फार आकर्षण असतं, पण फिकट थरावर पांढरं अंडं दिसत नाही. संत्र्याचा रस वापरायचाच असेल तर चिमूटभर कोळशाची बारीक पूड मिसळा. मधोमध यीस्टची पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी. बाटलीला बारीक भोकं पाडून ती प्लेटवर उपडी घाला. आत २५–३० माद्या आणि १५ नर. पहिल्या दिवशीची प्लेट टाकून द्या, माद्यांनी अडवून ठेवलेली जुनी अंडी त्यात असतात. दुसऱ्या दिवशी चार तासांची प्लेट घ्या, माद्या काढा आणि प्लेट २५ अंशांना ३६ तास ठेवा.

मग शंभर अंडी मोजा. फुटलेलं टरफल रिकामं, पारदर्शक दिसतं. न फुटलेल्यांत दोन प्रकार असतात: दुधाळ पांढरी म्हणजे फलनच झालं नाही, तपकिरी म्हणजे फलन होऊन गर्भ मेला. पहिल्या जोडीत तपकिरी खूप हवीत. पांढरी जास्त असतील तर नर उन्हात वांझ झालेत, प्रयोग पुन्हा लावा.

आता स्लाइड. घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात अंडी दोन मिनिटं. अंड्याच्या पुढच्या टोकावरचे दोन पांढरे शिंगासारखे तंतू दिसेनासे झाले की बाहेरचं टरफल गेलं. बारीक जाळीवर भरपूर पाण्यानं धुवा. स्लाइडवर लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप लावा आणि ६० अंशांना रात्रभर. सगळा मऊ ऐवज पचतो आणि फक्त त्वचेचा साचा उरतो. तुलनेला दुसऱ्या जोडीच्या नुकत्या निघालेल्या अळ्या तशाच लावा.

१०० पटीत पाहा. धड अळीच्या पोटाकडच्या बाजूला बारीक दातऱ्यांचे आडवे पट्टे दिसतात: छातीचे तीन, अरुंद, पोटाचे आठ, ठसठशीत, खवणीच्या दातांसारखे. पाठीकडं फक्त विरळ केस. म्युटंट मादीच्या गर्भात हे पट्टे गायब. उरते एक लांबट, पीळ पडलेली, चहूबाजूंनी पाठीचेच केस असलेली नळी. स्पेट्झल हे दक्षिण जर्मनीतल्या शेवयांच्या एका प्रकाराचं नाव आहे, ते इथं का आलं हे स्लाइड बघितल्यावर सांगावं लागत नाही. गर्भ आतल्या पडद्यात अडकून गोळा झालेला दिसेल तर कव्हरस्लिपवर सुईच्या बोथट टोकानं हलका दाब द्या. दहात दोन-तीन चांगले निघाले तरी पुरे.

दुसरा प्रयोग: बुरशी

बुरशी ब्युव्हेरिया बॅसियाना घ्यायची. कृषी केंद्रात जैविक कीटकनाशक म्हणून मिळते. अ‍ॅस्परजिलस नको, ती माणसाच्या फुप्फुसात घर करते. शिळ्या पावावरची, ओल्या शेंगदाण्यावरची बुरशी तर मुळीच नको. ब्युव्हेरिया हाताळतानाही मास्क आणि हातमोजे हवेत. दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा विद्यार्थी या टेबलावर नको.

एक इशारा पाकिटावर बहुधा ठळक नसतो. हीच बुरशी रेशीमकिड्याला मारते. १८३५ मध्ये इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांचा पांढरा रोग सूक्ष्म बुरशीमुळं होतो हे दाखवलं, ती हीच, आणि तिच्या नावातला बॅसियाना त्यांच्यावरूनच. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात ऐन-अर्जुनावर कोसा घेणारी घरं आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी कोसा किंवा तुतीचे किडे आहेत, त्याला या प्रयोगाला हात लावू देऊ नका, आणि कॉलेजजवळ संगोपन चालू असेल तर हा प्रयोग करूच नका.

पाकिटातली पूड थेट माश्यांवर टाकायचा मोह होतो. टाळा. तिच्यात बहुतांश टाल्कम असतं आणि नुसत्या टाल्कमनंही माश्या गुदमरून, सुकून मरतात. आधी प्लेटवर बुरशी वाढवा: २०० ग्रॅम बटाट्याच्या फोडी उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगर, एकूण एक लिटर. प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करून प्लेटा ओता. पाकिटावरची तारीख बघा. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेली बुरशी बहुधा मेलेली असते. २५ अंशांना १०–१४ दिवसांत खडूच्या पुडीसारखा पांढरा थर येतो. चिकट, ओलसर ठिपके दिसले तर ते बॅक्टेरिया. कोरड्या पांढऱ्या भागातून नवी प्लेट लावा.

माश्या ३ ते ५ दिवसांच्या, सगळ्या माद्या किंवा सगळे नर, मिसळ नको. दर गटाला २० माश्यांच्या तीन व्हायल. तीन प्रकारच्या माश्या: लांब कोशातल्या, त्याच बाटलीतल्या आखूड कोशातल्या, आणि वाइल्ड टाइप. आखूड कोशातल्या बहिणी एकाच खाद्यावर, एकाच दिवशी वाढलेल्या, म्हणून तुलनेला चांगल्या. पण बॅलन्सरमुळं त्या मुळात जरा अशक्त, म्हणून वाइल्ड टाइप सोबत हवाच. प्रत्येक प्रकाराचे दोन भाग: जिवंत बुरशीची प्लेट, आणि तशीच प्लेट कुकरमध्ये २० मिनिटं मारून थंड, कोरडी केलेली.

ईथर वापरू नका, भडका उडतो. व्हायल आडवी करून फ्रीझरमध्ये तीन-चार मिनिटं ठेवा, मग बर्फावर कोरडा फिल्टर पेपर ठेवलेली पेट्रीडिश घ्या. दव धरलं तर पंख चिकटतात. गार माश्या प्लेटवर ओता, झाकण लावून अर्धा मिनिट हलकेच गोल फिरवा. पीठ लागल्यासारख्या पांढऱ्या झाल्या की नव्या व्हायलमध्ये. तिथं खाद्य रव्याचं नको, त्यातलं प्रोपिऑनिक आम्ल बुरशीला मारक आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम साखर आणि १.५ ग्रॅम अगर, बस. हे खाद्य लवकर खराब होतं, दर दोन दिवसांनी व्हायल बदला. बदलताना उडालेली माशी ‘मेली’ नाही, तिची वेगळी नोंद हवी.

रोज ठरल्या वेळी मेलेल्या मोजा. पहिल्या २४ तासांतल्या मेलेल्या हिशेबातून काढा, त्या गारठ्यानं किंवा हाताळणीनं मेल्या. नंतरची प्रत्येक मेलेली माशी ओल्या फिल्टर पेपरवर, झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये. दोन-चार दिवसांत आधी पोटाच्या वलयांच्या सांध्यांतून पांढरे धागे डोकावतात, मग सगळी माशी रुईच्या बोंडासारखी होते. धागे आलेच नाहीत तर तो मृत्यू बुरशीच्या खात्यावर टाकू नका.

आलेख असा: आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर जिवंत टक्के. जिवंत बुरशीवर वाइल्ड टाइपही शेवटी मरतातच, पण लांब कोशातल्यांची रेघ आधी आणि सरळ खाली यायला हवी. मारलेल्या बुरशीच्या रेघा जवळजवळ आडव्या राहिल्या पाहिजेत. त्याही कोसळल्या तर घोटाळा खाद्यात किंवा तापमानात आहे. सगळ्याच माश्या तिसऱ्या दिवशी संपल्या तर बीजाणू फार लागले, पुढच्या वेळी फिरवण्याचा वेळ निम्मा करा. कुणीच मरत नसेल तर बुरशी मेलेली आहे किंवा खोली ३२ च्या वर गेली होती.

बुरशीऐवजी सुईनं ई. कोलाय टोचायचा शॉर्टकट काही जण सुचवतात. त्या जातीच्या बॅक्टेरियाला चिलट मुख्यतः इम्ड या दुसऱ्याच मार्गानं उत्तर देतं, म्हणून स्पेट्झलचा म्युटंट तिथं फारसा मागं पडत नाही. पोरं मग ‘टोलचा काही संबंध नाही’ असा निष्कर्ष लिहितात, आणि त्यांच्या आकड्यांप्रमाणं तो बरोबरही असतो.

स्टॉक वेळेत आला नाही तर नुसत्या वाइल्ड टाइपवर बुरशीचा प्रयोग आणि अळीच्या दातऱ्यांची स्लाइड करता येते. पण जर्नलमध्ये शीर्षक ‘टोलचं कार्य’ असं घालू नका. ‘चिलटातील बुरशी संसर्ग’ आणि ‘अळीची त्वचा’ एवढंच लिहा. म्युटंटशिवाय टोलबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि बाहेरचा परीक्षक जाणकार असला तर पहिला प्रश्न तिथंच येतो.

आवरताना

नको असलेल्या माश्या साबणाच्या पाण्याच्या बाटलीत. बुरशीच्या प्लेटा, व्हायल, कापसाचे बोळे, फिल्टर पेपर, सगळं कुकरमध्ये पूर्ण दाबावर ३० मिनिटं, मगच कचऱ्यात. हा कुकर पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी त्यावर लाल रंगानं खूण करा. टेबल ७० टक्के स्पिरिटनं पुसा, ॲप्रन तिथंच गरम पाण्यात भिजवा. म्युटंट स्टॉकच्या किमान दोन बाटल्या आठ दिवसांच्या अंतरानं चालू ठेवा आणि दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवा. एका खोलीत मुंग्या शिरल्या तर दुसरी बाटली हाताशी असते.